तेरा तारे म्हणजे १७८९ नव्हे : वॉशिंग्टनचा चेहरा छापलेला झेंडा कसा पारखावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फिलाडेल्फियाजवळच्या एका जुन्या घरातलं सामान विक्रीला काढलं होतं, तिथून तुम्ही हातभर लांबीचा छापील सुती झेंडा घेतलात. निळ्या चौकोनात गोलाकार तेरा तारे, त्यांच्या मधोमध जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहरा, बाकी लाल-पांढरे पट्टे, डाव्या कडेला खिळ्यांची चार भोकं. विकणाऱ्याने सांगितलं की हा वॉशिंग्टनच्या शपथविधीच्या वेळचा, म्हणजे १७८९चा. तुम्हाला विचारायचंय की हा अस्सल आहे का, धुऊन फ्रेम करून घेतला तर चालेल का, आणि पुण्याला आजोबांच्या ट्रंकेत टिळकांचं चित्र आणि चरखा असलेलं झेंड्याचं एक कापड आहे, ते इकडे अमेरिकेत आणता येईल का.

आधी धुण्याचं सांगतो, कारण बाकीच्या उत्तरांसाठी थांबता येईल, पण पाण्यात गेलेलं कापड परत येत नाही. धुऊ नका. ओल्या फडक्याने पुसूही नका. इस्त्री तर अजिबात नको. कारणं पुढे देतो.

आता अस्सलपणा. हा झेंडा १७८९चा नाही, हे मी फोटोवरूनही सांगू शकतो. पण म्हणून तो नकली ठरत नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि त्यापायी लोक चांगली वस्तू हिरमुसून अडगळीत टाकतात. झेंड्यावर ज्याचा चेहरा असतो, त्याच्या काळाशी त्या कापडाचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. संबंध असतो तो त्याची आठवण काढणाऱ्यांच्या काळाशी. तुमच्या झेंड्याला विचारायचा प्रश्न ‘वॉशिंग्टन कधी होता’ हा नाही. ‘वॉशिंग्टनची आठवण कोणी, कधी आणि कशासाठी काढली’ हा आहे.

तेरा ताऱ्यांमुळे भलेभले फसतात. तेरा वसाहतींसाठी तेरा तारे आणि तेरा पट्टे हा ठराव १४ जून १७७७चा, हे खरंच. पण तेरा ताऱ्यांचे झेंडे त्यानंतरही सतत बनत राहिले. अमेरिकेच्या नौदलाच्या लहान होड्यांवर ते १९१६पर्यंत होते, कारण छोट्या कापडावर चाळीस-पंचेचाळीस तारे लांबून ओळखूच येत नाहीत. व्यापाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी तेरा तारे ‘जुन्या काळची खूण’ म्हणून वापरले. आज बाजारात जे तेरा ताऱ्यांचे लहान झेंडे दिसतात, त्यांतले बहुसंख्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे किंवा त्याही नंतरचे असतात.

आणि १७८९ साली गर्दीत हलवायला असे छापील हातझेंडे नव्हतेच. ३० एप्रिल १७८९ला न्यूयॉर्कच्या फेडरल हॉलमध्ये वॉशिंग्टनने शपथ घेतली, तेव्हा चाहत्यांनी कोटाला लावली ती धातूची बटणं, त्याच्या नावाची आद्याक्षरं कोरलेली. कापडी झेंड्यावर माणसाचं नाव किंवा चेहरा छापून तो काठीला ठोकायचा आणि मिरवणुकीत वाटायचा, ही रीत रुजली १८४०च्या निवडणुकीत, विल्यम हेन्री हॅरिसनच्या प्रचारात. पुढे प्रत्येक निवडणुकीला असे झेंडे निघाले. १८६०चे लिंकनचे काही झेंडे तर असे आहेत की त्यावर त्याचं नाव ‘अब्राहम’ऐवजी ‘अब्राम’ छापलेलं आहे. ते पाहून कोणी नकली म्हणून बाजूला सारू नये; उमेदवार तोवर देशभर इतका परिचित नव्हता आणि छपाई घाईची होती. लिंकनच्या नावाचा झेंडा त्याच्या हयातीतला असू शकतो. वॉशिंग्टनच्या चेहऱ्याचा असा हातझेंडा मात्र स्मरणाचाच असणार. तो वारला १७९९मध्ये.

मग स्मरण कुठलं? चार प्रसंग डोळ्यांसमोर ठेवा. १८७६, स्वातंत्र्याची शताब्दी. १८८९, शपथविधीची शताब्दी. १९३२, वॉशिंग्टनच्या जन्माला दोनशे वर्षं. आणि १९७६, स्वातंत्र्याची द्विशताब्दी, जेव्हा ‘जुने दिसणारे’ झेंडे ढिगाने निघाले. माझा पहिला कल १८७६कडे आहे. त्या वर्षी मे ते नोव्हेंबर फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट पार्कमध्ये मोठं शताब्दी प्रदर्शन भरलं होतं, सुमारे एक कोटी लोक येऊन गेले, आणि तुमचा झेंडा त्याच शहराजवळच्या घरातून आलेला आहे. हा पुरावा नव्हे, पण दिशा नक्कीच. १८८९चा सोहळा न्यूयॉर्कचा. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन, म्हणजे त्या १८४०वाल्या हॅरिसनचा नातू, त्याला हजर होता. वॉशिंग्टन स्क्वेअरला तेव्हा लाकडाची तात्पुरती कमान उभारली होती. लोकांना ती इतकी आवडली की नंतर संगमरवरात बांधली. त्या सोहळ्याचे रुमाल आणि झेंडेही सापडतात, त्यामुळे तो पर्याय सोडून देऊ नका.

१८७६च्या वस्तूंबद्दल मला विशेष माया आहे, त्याचं कारण सांगतो. उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमधलं यादवी युद्ध संपून अकराच वर्षं झाली होती. घराघरात मेलेल्या मुलांच्या तसबिरी होत्या. लिंकनचा चेहरा दक्षिणेत चालला नसता. वॉशिंग्टन व्हर्जिनियाचा, म्हणजे दक्षिणेचाच, आणि साऱ्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष. दोन्हीकडच्या माणसाला हातात धरता येईल असा तोच एक चेहरा उरला होता. अर्थात गुलामगिरीतून सुटलेल्या लाखो माणसांना, स्वतः गुलाम बाळगणाऱ्या वॉशिंग्टनबद्दल काय वाटत असेल, हे कोणी विचारलं नव्हतं. हे सगळं त्या हातभर कापडात आहे. १७८९चं लेबल चिकटवलं की ते पुसलं जातं.

आता हातात भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. सोनारांचं चालेल. माझं बालपण इचलकरंजीत मागाच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे मी झेंडा आला की आधी चित्र बघतच नाही, सूत बघतो. तुमच्या फोटोत डाव्या कडेचा जो भाग स्पष्ट आलाय, तिथे ताणा आणि बाणा दोन्ही एकसारख्या जाडीचे दिसतात, पीळ सारखा, गाठी जवळजवळ नाहीत. म्हणजे गिरणीचं सूत. अमेरिकेत पाण्याच्या जोरावर सूतकताई सुरू झाली ती १७९०च्या अखेरीस, ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला. यंत्रमाग आला तो १८१४च्या सुमारास, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमला. इंग्लंडचं गिरणीसूत त्याआधीही होतं, तेव्हा एवढ्यावरून निकाल लागत नाही. पण आपण ज्याला मांजरपाट म्हणतो तसलं हे स्वस्त, सरळ विणीचं कापड गर्दीसाठी हजारोंनी छापायला घेतलेलं आहे, हे सूतच सांगतं.

वरची आणि खालची कड बघा. हे झेंडे लांब थानावर एकापाठोपाठ एक छापत आणि मग कात्रीने कापत. त्यामुळे एखाद्या बाजूला मूळ काठ सापडतो आणि बाकीच्या बाजूंना कापलेल्या कडेचे दोरे सुटलेले असतात. चारही बाजू मशीनवर नीट दुमडून शिवलेल्या असतील, तर ती शिलाई नंतर कोणीतरी घातलेली असण्याचा संभव मोठा. मग झेंडा उलटा करा. जुन्या छपाईत रंग मागे अर्धवट उतरतो, लाल जास्त, निळा कमी किंवा उलट, आणि दोन रंगांच्या हद्दी तंतोतंत जुळत नाहीत. लाल पट्टा निळ्या चौकोनाच्या अंगावर केसभर चढलेला किंवा मध्ये पांढरी रेघ राहिलेली दिसेल. हा दोष मला हवाच असतो.

चेहऱ्यावर भिंग धरून वॉशिंग्टनच्या गालाची सावली कशी केलीय ते तपासा. रेघांनी केलेली असेल, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा, तर छान. निळे, गुलाबी, पिवळे, काळे असे चार रंगांचे सारखे ठिपके दिसले तर ते आधुनिक छपाईचं काम आहे आणि पुढे काही तपासायची गरज नाही.

अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारून बघा. कापडाला शुभ्रता आणणारी जी रसायनं असतात ती दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. ती या उजेडात निळसर झळाळतात. १९७६चे बहुतेक नमुने इथे उघडे पडतात. पण सावध राहा : जुनं कापड कोणी मधल्या काळात साबणाच्या पावडरीत धुतलं असेल, तर तेही झळाळतं. त्यामुळे झळाळी नसणं ही चांगली खूण, पण झळाळी असणं हा शेवटचा निकाल नाही.

पिवळेपणावर विश्वास ठेवू नका. चहाच्या पाण्यात बुचकळून झेंडे ‘जुने’ केले जातात. तसला पिवळेपणा सगळीकडे सारखा पसरतो, दोऱ्याच्या आतपर्यंत जातो. काळाने येणारा पिवळेपणा नेहमी विषम असतो. जिथे घडी होती तिथे रेघ, जिथे काठीखाली दबलेलं होतं तिथे कापड उजळ. तुमच्या झेंड्याची चार भोकं मला म्हणूनच आवडली. फोटोत दोन भोकांभोवती गंजाचं वर्तुळ आहे आणि त्याच पट्टीत कापड जरा जास्त पांढरं दिसतंय. तिथे लाकडी काठी होती, लोखंडी खिळे होते आणि ते बरीच वर्षं तसेच होते. हे बनवून आणणं अवघड असतं.

आणखी एक बाहेरचा पुरावा आहे. झेंड्यावर काहीही छापण्याविरुद्ध अमेरिकेत राज्याराज्यांनी कायदे केले. पहिले १८९७ साली, त्यात पेनसिल्व्हेनिया आणि इलिनॉय होते. नेब्रास्कात बिअरच्या बाटलीवर झेंडा छापल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०७मध्ये न्यायालयाने राज्याचा कायदा उचलून धरला. त्यानंतर प्रत्यक्ष झेंड्याच्या अंगावर चेहरा छापण्याची ही रीत ओसरत गेली. म्हणून ताऱ्यांच्या मधोमध चेहरा असलेला छापील झेंडा बघितला की माझं मन या कायद्यांच्या नंतरच्या नव्हे, आधीच्या काळाकडे जातं. तुमच्या बाबतीत १९३२ला मी त्यामुळेच मागे ठेवतो.

ताऱ्यांचं मोजमाप इतरत्र मात्र मोलाचं असतं, एवढं लक्षात ठेवा, कारण एक झेंडा घेणारा माणूस दुसरा घेतोच. दर राज्यामागे एक तारा, म्हणून ३४ तारे म्हणजे कॅन्सस हे राज्य आल्यानंतर, १८६१ ते १८६३. ३८ म्हणजे १८७७ ते १८९०. ४५ म्हणजे १८९६ ते १९०८, राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीच्या प्रचाराचे झेंडे यात येतात. आणि ४२ ताऱ्यांचा झेंडा अधिकृत कधीच नव्हता, तरी तो अस्सल सापडतो! नोव्हेंबर १८८९मध्ये चार राज्यं एका दमात आली, व्यापाऱ्यांनी ४२ ताऱ्यांचा माल छापून ठेवला. नवा तारा ४ जुलैला चढतो, आणि बरोबर आदल्या दिवशी, ३ जुलै १८९०ला, आयडाहो आलं. झाले त्रेचाळीस. १९१२पर्यंत तारे कसे मांडायचे याचाही नियम नव्हता. मोठ्या ताऱ्याच्या आकारात, वर्तुळात, हारात, जशी छापणाऱ्याची मर्जी. त्या मांडण्या बघायला मला आजही थकवा येत नाही.

आता धुण्याची कारणं. या झेंड्यांना खळ लावून, दाबून चकाकी दिलेली असे. पाण्यात ती खळ पहिल्यांदा जाते आणि कापड लुळं पडतं. दुसरं, हे कापड धुण्यासाठी बनलेलंच नव्हतं, एक दिवस हलवून टाकून देण्यासाठी होतं; त्यामुळे रंग पक्के असतील याची खात्री नाही. लाल एकदा पांढऱ्यात उतरला की तो काढता येत नाही. माझ्या एका स्नेह्याकडे १८८९चा रेशमी रुमाल होता. त्याने तो चांगल्या समजुतीने फ्रेमच्या दुकानात दिला. दुकानदाराने तो ताणून पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवला. सात-आठ महिन्यांनी रुमाल घड्यांच्या रेघांवर सरळ फाटला, कागद फाटावा तसा. त्या काळात रेशमाचं वजन वाढवायला धातूचे क्षार वापरत, ते आतून रेशीम खात असतात. अशा कापडाला ताण मुळीच सोसत नाही. मी तो पाहायला गेलो तेव्हा काचेच्या तळाशी रेशमाचा चुरा साठलेला होता. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मोठ्या संस्थांकडूनही दुरुस्तीने इजा झालेली आहे, म्हणून आपण जास्त जपायचं. वॉशिंग्टन शहरातल्या स्मिथसोनियन संग्रहालयात, १८१४मध्ये फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यावर फडकलेला प्रचंड झेंडा आहे. १९१४ साली त्याला आधार म्हणून मागून लिननचं कापड शिवलं, सुमारे सतरा लाख टाके घालून. त्या काळाच्या मानाने ते उत्तम काम होतं. १९९८नंतरच्या जतनकामात तेच टाके एकेक करून काढावे लागले, कारण ते झेंड्याला ओढत होते. आता तो अंधाऱ्या दालनात, किंचित उतारावर, जवळजवळ आडवा ठेवलेला असतो.

तुमचा झेंडा सुती आहे, म्हणून रेशमाइतकी भीती नाही. तरीही पद्धत एकच : आम्लरहित पुठ्ठा, त्यावर धुऊन खळ काढलेलं साधं सुती कापड, आणि त्या कापडाला झेंडा बारीक सुईने, झेंड्याच्या दोऱ्यांमधून सुई जाईल असा, हाताने टाके घालून जोडलेला. डिंक नाही, सेलोटेप नाही, उष्णतेने चिकटणारं काहीही नाही. काच कापडाला टेकता कामा नये, मध्ये बोटाच्या पेराएवढं अंतर हवं. काच अतिनील रोखणारी घ्या, पण त्यावर विसंबून खिडकीसमोर लावू नका. कापडासाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात, म्हणजे वाचायला डोळे ताणावे लागतील इतका. जिन्याखालची आतली भिंत उत्तम. फ्रेम करणाऱ्याला कामाला लावण्याआधी एकच विचारा : ‘हे पुढे काढायचं झालं तर कसं निघेल?’ उत्तर चटकन आणि नेमकं आलं नाही, तर झेंडा घेऊन परत या. तोवर तो आम्लरहित कागदात गुंडाळून सपाट खोक्यात ठेवा, घडी घालू नका.

आता टिळकांचं कापड. इथे ताऱ्यांच्या जागी चरखा आणि रंग बघायचे, हिशेब तोच. टिळक गेले १ ऑगस्ट १९२०ला. चरख्याचा झेंडा गांधीजींपुढे पिंगली वेंकय्यांनी ठेवला तो १९२१मध्ये, बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला. म्हणजे टिळक आणि चरखा एकत्र असलेलं कुठलंही कापड टिळकांच्या पश्चातलंच. पांढरा वर, हिरवा मध्ये, लाल खाली आणि चरखा तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला असेल, तर तो पहिला काळ. १९२३चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह याच झेंड्याचा. केशरी, पांढरा, हिरवा आणि चरखा फक्त पांढऱ्यात असेल, तर १९३१मध्ये काँग्रेसने बदल केल्यानंतरचा. अशोकचक्र असेल तर जुलै १९४७नंतरचा. भिंगाखाली सूत जाडबारीक, गाठीगाठींचं दिसलं तर हातकताई, म्हणजे खादी. एकसारखं दिसलं तर गिरणीचं. आजोबांनी ते कधी, कुठे, कोणाकडून घेतलं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा. ती ओळ कापडाइतकीच मोलाची आहे.

आणण्याबद्दल : आपल्या १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेली अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९२१-२३चा झेंडा ती रेषा ओलांडून गेलाय. १९३१नंतरचा आज तरी अलीकडे आहे, पण विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ते कसं कळणार? त्यामुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय ते बॅगेत घालू नका. माझं मत विचाराल तर ते पुण्यातच राहू द्या. मादाम कामांनी १९०७मध्ये श्टुटगार्टला फडकावलेला झेंडा पुण्यात केसरीवाड्यात आहे. पुढच्या खेपेला तो बघून या, मग आजोबांच्या कापडाचं ठरवा. ट्रंकेत डांबरगोळ्या कापडाला लागून ठेवल्या असतील तर आधी त्या काढा. कसर खळीवर येते, म्हणून खळ असलेलं कापड महिन्यातून एकदा उघडून पाहायला सांगा.

किंमत तुम्ही विचारली नाहीत, तरी एक सांगतो. लोक मागतात ते आकडे बघू नका, लिलावात प्रत्यक्ष विकले गेले ते बघा. आणि तुमची विक्रीची पावती, त्या घराचा पत्ता, तारीख हे झेंड्यासोबत ठेवा.

मला आणखी तीन फोटो पाठवा. वॉशिंग्टनच्या गालाचा भिंगातून, वरच्या कडेचा, आणि डाव्या पट्टीचा मागच्या बाजूने. वरून दुसऱ्या भोकात काहीतरी काळपट अडकलेलं दिसतंय. तो खिळ्याचा तुकडा किंवा काठीची ढलपी असेल. ते उपटू नका, आहे तिथेच राहू द्या.